मावशीच्या गावाकडे आकाशातून गोळे पडले तेव्हापासून

मे 2022 मधे आणंद जिल्ह्यात आकाशातून धातूचे काळे गोळे पडले होते, आठवतंय? भालेज, खंभोळज, रामपुरा. बडोद्याहून आणंद काही लांब नाही आणि माझी मावशी तिकडेच राहते, त्यामुळे त्या संध्याकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी फोनवर फोन चालू होते. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. त्याच्या महिनाभर आधी, पाडव्याच्या संध्याकाळी, चंद्रपूरकडे सिंदेवाही भागात धातूचं एक मोठं कडं पडलं होतं. दोन्ही वेळेला हे चीनच्या चांग झेंग 3बी रॉकेटचे तुकडे असावेत असं आधी कोण बोललं, तर जोनाथन मॅकडॉवेल नावाचे एक खगोलशास्त्रज्ञ, जे वर काय काय फिरतंय त्याची यादी स्वतःच्या वेळात ठेवतात.

मला हेच तेव्हापासून लागून राहिलंय. आपल्या डोक्यावर काय आहे हे आपल्याला एका माणसाच्या हौसेमुळे कळावं?

म्हणजे कायदा नाही असं नाही. 1967 चा अंतराळ करार आहे, भारतही त्यात आहे. त्याच्या पहिल्याच कलमात अंतराळाचा वापर हे सगळ्या मानवजातीचं क्षेत्र म्हटलंय, सहाव्यात खाजगी कंपनी असली तरी जबाबदारी तिच्या देशाची, सरकारने परवानगी द्यायची आणि सतत देखरेख ठेवायची असं आहे. अकरावं कलम मात्र मी दोनतीनदा वाचलं, कारण त्यात अंतराळात काय चाललंय त्याची जनतेला माहिती द्या असं खरंच लिहिलंय, फक्त 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकी'. आता शक्य किती ते ठरवणार कोण, तर ज्याचं रॉकेट तोच.

आणि नुकसान झालं तर? 1972 चा वेगळा करार आहे, जमिनीवर नुकसान झालं तर ज्याने सोडलं त्या देशाने भरपाई द्यायची, चूक सिद्ध करायची पण गरज नाही. पण त्या कराराखाली माझ्या मावशीला स्वतः दावा लावता येत नाही, तो भारत सरकारने लावायचा, तोही साधारण वर्षभरात. 1978 साली रशियाचा अणुभट्टीवाला उपग्रह कॉसमॉस 954 कॅनडात पडला, कॅनडाने 60 लाख डॉलर मागितले आणि 1981 ला 30 लाखांवर मिटलं. सरकार मागे लागलं म्हणून मिळाले.

म्हणून मला वाटतं की साध्या लोकांनी ह्यात लक्ष घालणं फार गरजेचं आहे, आणि हे होऊ शकतं. इंग्लंडच्या केटरिंगमधल्या एका शाळेत जेफ्री पेरी नावाचे मास्तर पोरांना घेऊन रेडिओवर रशियन उपग्रहांचे सिग्नल ऐकायचे, आणि 1966 मधे त्यांनी त्यावरूनच रशियाचं प्लेसेत्स्कचं गुप्त प्रक्षेपण केंद्र हुडकून काढलं, जे रशियाने स्वतः 1983 पर्यंत कबूल केलं नव्हतं! शाळेतली पोरं हो! हे वाचून मी रात्री कितीतरी वेळ जागी होते.

व्हिएन्नाला संयुक्त राष्ट्रांची अंतराळ समिती बसते, तिथे सिक्युअर वर्ल्ड फाउंडेशन, प्लॅनेटरी सोसायटी अशा बिनसरकारी संस्थांना निरीक्षक म्हणून बसता येतं, बोलता येतं, पण निर्णय देशांचा, आणि तोही सगळ्यांचं एकमत झालं तर. आपल्याकडे 2017 ला अंतराळ विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी ठेवला होता, माझ्या ओळखीतल्या एकाही माणसाने सूचना पाठवली नाही, मीही नाही, मला माहीतच नव्हतं. त्याचं फार वाईट वाटतं. नंतर 2023 ला अंतराळ धोरण आलं, पण धोरण म्हणजे कायदा नाही, धोरण दाखवून कोर्टात हक्क मागता येत नाही. पुन्हा मसुदा निघाला की पडलेल्या वस्तूची माहिती गावाला किती दिवसात द्यायची हे त्यात लिहा, एवढं तरी मी पाठवणार आहे.

मागच्या रविवारी मावशीला सांगून आले, परत काही पडलं तर हात लावू नकोस, आत विषारी इंधन असू शकतं, लांबून फोटो काढ आणि घड्याळात किती वाजले ते लिहून ठेव. ती म्हणाली, बरं, पण पाठवू कुणाला? पोलिसांना कळव म्हटलं, आणि मलाही पाठव.