खांद्यावरची सावली

फोटो पॉलिथिनमध्ये, पॉलिथिन जुन्या कॅलेंडरच्या दोन पानांत आणि ते सगळं शर्टाच्या खोक्यातल्या पुठ्ठ्यात, अशा बंदोबस्तात तो मुलगा फोटो घेऊन आला. बघूनच बरं वाटलं. माझ्याकडे येणारे निम्मे लोक जुना फोटो लॅमिनेट करून आणतात आणि म्हणतात, ताई, सांभाळून ठेवलाय बघा. प्लास्टिकची गरम पट्टी एकदा ब्रोमाइडला चिकटली की ती सुटत नाही, सोडवायला गेलं तर चेहऱ्यासकट निघते. हे गेली वीस वर्षं मी काउंटरवर प्रत्येकाला सांगते आहे.

२०२४ चा ऑगस्ट होता. स्वप्नील कुसळेनं पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवून दोन दिवस झाले होते. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर पहिल्यांदाच महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं होतं, त्यामुळे आमच्या अमरावतीतही चौकाचौकांत फलक लागत होते. मुलाच्या घराजवळच्या व्यायामशाळेनं ठरवलं होतं की १५ ऑगस्टला त्याच्या पणजोबांचा मोठा फ्लेक्स लावायचा. पणजोबा १९३६ साली बर्लिनला जाऊन आलेले. आमच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक त्या वर्षी ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेलं होतं आणि तिथं कबड्डीची आणि देशी व्यायामांची प्रात्यक्षिकं त्यांनी करून दाखवली होती, हे अमरावतीत लहानपणापासून कानावर असतं. त्या पथकातल्या माणसाच्या घरचा फोटो माझ्या टेबलावर येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

मुलानं आधी मोबाइलवरच्या ॲपमध्ये प्रयत्न करून पाहिला होता. ॲपनं पणजोबांना नितळ गालांचा, चकचकीत डोळ्यांचा कुणी वेगळाच माणूस करून टाकला. तो आजीला दाखवला तर आजी म्हणाली, "हा माह्या बाप नोहे." म्हणून तो माझ्याकडे आला. या ॲपबद्दल माझा राग आहे तो एवढ्याचसाठी. त्यांना माणूस कोण आहे याच्याशी देणंघेणं नसतं, चेहरा भरून काढला की झालं.

दहा बाय बारा इंचाचा फोटो, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. कोपऱ्यात कसरीनं खाल्लेलं, मधोमध एक घडी, काळ्या भागावर आरशासारखी चंदेरी झाक आलेली. ती झाक म्हणजे फोटोतली चांदीच वर येते, आणि स्कॅनरच्या उजेडात ती निळसर चमकते. त्यासाठी मी फोटो दोनदा स्कॅन करते, दुसऱ्यांदा आडवा फिरवून, आणि दोन्हींतले काळे भाग जुळवून घेते. १२०० डीपीआयला फाइल साडेतीनशे एमबीच्या आसपास गेली. पंचवीसेक माणसं, पांढरे कपडे, सगळे छातीवर हात बांधून उभे. पणजोबा मागच्या ओळीत डावीकडून दुसरे. मागे एका इमारतीची भिंत, दोन काठ्या. एका काठीवर पाच वर्तुळांचा ऑलिंपिकचा झेंडा आणि दुसरीवर तो, काळ्या पट्ट्यात पांढरा गोल आणि गोलात तिरकं चिन्ह.

"ताई, तो मागचा झेंडा उडवा. आणि तिथं आपला तिरंगा लावा," मुलगा म्हणाला. त्याचा चुलतभाऊ सोबत होता. त्याचं म्हणणं उलट. "अरे राहू दे ना, स्वस्तिक तर आपलंच आहे. ताई, फक्त सरळ करा, तिरपं झालंय."

ते तिरपंच असतं, हे मी त्याला समजावलं. आपण उंबऱ्यावर काढतो ते सरळ, चार ठिपक्यांचं. हे पंचेचाळीस अंशांत वळवलेलं आणि हिटलरच्या नाझी पक्षाचं, हेही सांगितलं. तो ऐकून गप्प झाला. पुस्तकात एक धडा असतो, पण घरातल्या फोटोशी कुणी तो जोडून देत नाही. तिरंग्याला मी सरळ नाही म्हटलं. अशोकचक्राचा तिरंगा संविधान सभेनं स्वीकारला २२ जुलै १९४७ ला. १९३६ मध्ये आपला संघ ब्रिटिश हिंदुस्थानच्या झेंड्याखाली होता. हॉकीच्या संघानं १५ ऑगस्ट १९३६ ला जर्मनीला ८-१ हरवलं, त्या सामन्याआधी सहायक व्यवस्थापक पंकज गुप्तांनी कपडे बदलायच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला आणि ध्यानचंद आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याला वंदन केलं. बंद दाराआड करावं लागलं ते. ज्या माणसांना तो झेंडा उघड लावता आला नाही, त्यांच्या मागे मी आज तो फडकवून दिला तर त्यांनी काय सोसलं तेच पुसून टाकल्यासारखं होईल, असं मी दोघांना सांगितलं. पटलं त्यांना. पण झेंडा काढण्यावर मुलगा ठाम राहिला. "लोक फोटो काढून ग्रुपवर टाकतील, पणजोबांना हिटलरवाला म्हणतील." हे मला खोडता आलं नाही. मी काम घेतलं.

रात्री नऊला बसले. आधी रंगांचा अंदाज घ्यावा लागतो. या फोटोत सगळ्यांचे ओठ काळपट होते. म्हणजे फिल्म जुन्या जातीची, तिला लाल रंग दिसतच नाही, लाल तिथं काळा येतो. (बाबांच्या डार्करूममध्ये लाल बल्ब चालायचा तो याच कारणानं, कागदालाही लाल दिसत नाही.) ऑलिंपिकच्या झेंड्यावर निळं वर्तुळ फिकट पडलं होतं आणि काळं नि लाल वर्तुळ दोन्ही सारखीच काळी. त्या झेंड्याची पांढरी जमीन आणि पाच रंग आधुनिक ऑलिंपिक सुरू करणाऱ्या कुबेर्तँनी १९१३ मध्ये असे निवडले होते की त्या वेळच्या प्रत्येक राष्ट्राच्या झेंड्यातला रंग त्यात सापडावा. शेजारच्या झेंड्यातले लाल, पांढरा आणि काळा हेही त्यात होतेच. तो नाझी पक्षाचा झेंडा होता, सप्टेंबर १९३५ मध्ये त्यालाच जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज करून टाकलेलं होतं. त्यामुळे यजमान देशाचा झेंडा म्हणून तो प्रत्येक पटांगणावर ऑलिंपिकच्या शेजारी कायदेशीरपणे उभा राहिला.

झेंडा काढायचा तर मागे काय होतं ते कळायला हवं. खिडकी होती की नुसती भिंत? अंदाजे भरणं मला जमत नाही, त्यामुळे त्या काळचे बर्लिनचे फोटो शोधायला लागले. आणि तिथं माझे दोन तास गेले.

रस्तेच्या रस्ते झेंड्यांनी मढवलेले. मशालीची दौड त्याच वर्षी पहिल्यांदा झाली, ऑलिंपियापासून बर्लिनपर्यंत तीन हजारांवर धावपटूंनी ज्योत आणली. आज आपण ती प्राचीन ग्रीकांची रीत समजतो, पण ती कार्ल डीम या जर्मन संयोजकाच्या डोक्यातून निघालेली. पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून 'इथं ज्यू नकोत' असे फलक रस्त्यांवरून उतरवून ठेवले होते. ज्यूंविरुद्ध गरळ ओकणारं वर्तमानपत्र स्टॉलवरून हटवलं होतं. आणि १६ जुलैला, खेळ सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी, शहरातल्या सिंती आणि रोमा या भटक्या जमातींच्या लोकांना, सहाशेच्या आसपास माणसांना, पोलिसांनी पकडून मार्त्सान नावाच्या कडेच्या भागात नेऊन ठेवलं. जवळच सांडपाण्याची शेतं आणि स्मशान. खेळ संपले तरी त्यांना सोडलं नाही. पुढे त्यांतल्या पुष्कळांना आउशवित्सच्या मृत्युछावणीत पाठवलं. शहराच्या उत्तरेला साक्सेनहाउझेनची छळछावणी त्याच उन्हाळ्यात बांधली जात होती.

हे वाचताना माझा हात माउसवर होता आणि स्क्रीनवर अर्धा पुसलेला झेंडा. मला ते नीट बघवेना. मी करते ते काम त्यांनी अख्ख्या शहरावर केलं होतं. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांआधी भिकाऱ्यांना हलवल्याच्या आणि वस्त्या दिसू नयेत म्हणून रस्त्याकडेला मोठमोठे फलक लावल्याच्या बातम्याही आठवल्या. तेही फ्लेक्सच, कुणीतरी माझ्यासारख्यानंच छापलेले.

मग तो दुसरा फोटो सापडला. बर्लिनच्या मॅरेथॉनचा विजेता सोन की-जोंग. कोरियाचा माणूस, पण कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात, म्हणून त्याला जपानी उच्चाराच्या नावानं आणि छातीवर जपानचं चिन्ह लावून धावावं लागलं. दोन तास एकोणतीस मिनिटं. पदक घेताना तो मान खाली घालून उभा आहे आणि विजेत्यांना दिलेलं ओकचं रोपटं त्यानं छातीशी असं धरलंय की चिन्ह झाकलं जावं. कोरियातल्या 'दोंग-आ इल्बो' या वर्तमानपत्रानं ऑगस्टच्या शेवटी त्याचा फोटो छापला, तेव्हा छातीवरचा जपानी झेंडा पुसलेला होता. खेळाचा वार्ताहर आणि चित्रकार यांनी मिळून ते केलं. पोलिसांनी त्यांच्यासह काही जणांना उचललं, छळ केला आणि पेपर नऊ-दहा महिने बंद पाडला.

तो छापील फोटो मी जमेल तेवढा मोठा करून बघितला. जाड ठिपक्यांची छपाई, छातीचा भाग धुरकट. कारागिरी म्हणून बेतास बात. बाबा निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं देवीचे व्रण बुजवायचे, ते याहून किती तरी सफाईनं. पण बाबांनी किंवा मी आयुष्यात केलेल्या कुठल्याही टचिंगपेक्षा त्या चित्रकाराचं काम मला मोठं वाटलं, आणि का वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. त्यानंही झेंडाच पुसला होता. बर्लिनवाल्यांनी फलक पुसले ते पाहुण्यांना फसवायला. त्यानं पुसला तेव्हा त्याच्या वाचकांना ठाऊक होतं की इथं काय होतं आणि कुणी ते बसवलं होतं. मग मी जो पुसते आहे तो कुठल्या जातीचा?

साडेअकराला परत कामाला लागले. ऑलिंपिकच्या झेंड्याच्या काठीजवळ विटांची भिंत स्वच्छ दिसत होती, तीच झेंड्यामागे चालू आहे असं धरलं. विटांच्या रेघा एकेक ओळ करून ओढल्या, क्लोन करून, म्हणजे शेजारचा तुकडा उचलून चिकटवून, चालत नाही, तोच डाग तिसऱ्या विटेवर परत दिसतो आणि डोळ्याला लगेच लागतं. फोटोचा कणीदारपणा वेगळा तयार करून वर पसरला. झेंड्याच्या कडेला तीन जणांचे केस आले होते, ते केस एकेक सोडवायला तासभर. काम संपलं असं वाटलं तेव्हा पूर्ण फोटो बघितला आणि काहीतरी खटकत राहिलं. पणजोबांच्या उजव्या खांद्यावर एक गडद तिरका पट्टा होता. मी त्याला घडीचा डाग समजत होते. तो झेंड्याची सावली होती. ऊन त्या बाजूनं होतं, झेंडा नेमका त्यांच्यावर फडकत होता. झेंडा गेला, सावली राहिली.

ती काढणं दोन मिनिटांचं काम होतं. मी बराच वेळ बसून राहिले. शेवटी काढली. भिंत खोटी करून सावली खरी ठेवली तर फोटो बघणाऱ्याला ती समजणारही नाही, असं मी मनाशी म्हटलं. ते कारण पुरेसं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही.

चौदा तारखेला मुलगा फाइल न्यायला आला तेव्हा आजी सोबत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, ताठ बसणारी. मी मूळ फोटो आणि नवा, दोन्ही स्क्रीनवर शेजारी लावले. तिनं चष्मा पुसून नव्याकडे बराच वेळ पाहिलं.

"मांगचा झेंडा कुठी गेला वं बाई?"

मी सांगितलं, नातवानं काढायला लावला.

"आन् हे भित? हे होती का तवा?"

"भिंत मी केली, आजी."

ती मूळ फोटोकडे वळली. बोट लावून बापाचा खांदा दाखवला, सावली होती तिथं. मग म्हणाली, "बाबा लय सांगे त्या गावचं. काय साफ गाव म्हणे, रस्त्यानं कागदाचा तुकडा नाई. इतके दिस राह्यले, पन एक भिकारी दिसला नाई म्हणे. आपल्या इकडं असं कधी होईन, म्हणे."

चार रात्रींपूर्वी मी मार्त्सानबद्दल वाचलं होतं. त्यांना भिकारी का दिसले नसतील, रस्त्यावरची माणसं कुठे नेऊन ठेवली होती, हे त्या दुकानात एकट्या मला माहीत होतं. तिच्या बापानं डोळ्यांनी पाहिलं तेच सांगितलं, त्यात त्याचं काही खोटं नव्हतं. जन्मभर तो त्या स्वच्छ शहराची गोष्ट मुलांना सांगत राहिला आणि मुलगी ती अजून अभिमानानं सांगते आहे. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "हो आजी, फार मोठं शहर होतं."

निघताना तिनं नातवाला बजावलं, फ्लेक्सवर पाहिजे तो लावा, माझ्या खोलीत झेंडेवाला लावायचा. मी तो प्रिंट दुसऱ्या दिवशी करून दिला, मॅट कागदावर, सावलीसकट. मूळ फोटो ॲसिड नसलेल्या कागदात गुंडाळून दिला आणि पाठीवर मऊ पेन्सिलीनं लिहिलं, बर्लिन, १९३६. अजून एक ओळ मावली असती. पेन्सिल हातात होती, मुलगा गाडी चालू करून बाहेर उभा होता.

त्यांचं घर माझ्या दुकानापासून दहा मिनिटांवर आहे. आजीला जाऊन सांगावं का, हे मी बहिणीला विचारलं, ती म्हणाली, या वयात कशाला. नातवाला तरी सांगावं असं वाटतं. त्याचा नंबर बिलबुकात आहे.