ताटातलं ग्लुटामिन, गाठीतलं ग्लुटामिन

मी प्रयोगशाळेत ऑस्टिओसार्कोमावर, म्हणजे हाडाच्या एका कॅन्सरवर काम करते. मी डॉक्टर नाही, तरी ओळखीतून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "कॅन्सरच्या पेशी ग्लुटामिन खातात म्हणे. मग मुलाला प्रथिनं द्यायची बंद करू का?" विचारणारे आई नाहीतर वडील. हा आजार मुख्यतः वाढत्या वयात गाठतो, तोही बऱ्याचदा गुडघ्याजवळच्या हाडात.

नका करू. आता का ते सांगते.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. पेशींना काचेच्या भांड्यात वाढवायचं तर ग्लुटामिन हे अमिनो ॲसिड, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, लागतंच, आणि इतर अमिनो ॲसिडांपेक्षा बरंच जास्त, हे संशोधक हॅरी ईगल यांनी 1955 मध्ये दाखवलं. मी ते चुकून अनुभवलं. आमच्याकडे यू-2 ओएस नावाच्या पेशी आहेत. 1964 मध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या नडगीच्या हाडातून घेतलेल्या, अजून वाढताहेत. (ही गोष्ट मला सवयीची झालेली नाही.) एकदा त्या अचानक मंदावल्या. दोन दिवस मी इन्क्युबेटरला दोष देत होते. निघालं असं की द्रावणाची बाटली जुनी होती. ग्लुटामिन पाण्यात टिकत नाही, हळूहळू मोडतं आणि अमोनिया सुटतो. ताजं घातल्यावर पेशी पुन्हा वाढीला लागल्या. म्हणजे उपाशी राहून त्या सगळ्या मेल्या नव्हत्या, थांबल्या होत्या. हे लक्षात असू द्या.

पेशीला त्याचं एवढं काय? एक तर नायट्रोजन. नवा डीएनए बांधायला तो हवा, आणि भराभर दुभंगणाऱ्या पेशीला डीएनए सतत बांधावा लागतो. दुसरं, ग्लुटामिनेज नावाचं एन्झाइम त्याचं ग्लुटामेट करतं. त्यातला काही भाग ऊर्जेच्या चक्रात जातो, काही ग्लुटाथायोन बनवण्यात. ग्लुटाथायोन पेशीला रासायनिक माऱ्यापासून वाचवतं, आणि केमोथेरपी हाही एक माराच असतो.

पण भांड्यातली पेशी मी देईन तेवढंच खाते. शरीरातल्या गाठीचं तसं नाही. रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या अमिनो ॲसिडांत सगळ्यात जास्त ग्लुटामिनच असतं, आणि ते शरीर स्वतः बनवतं, मुख्यतः स्नायूंमध्ये. ताटातून प्रथिनं काढलीत तर शरीर स्नायू मोडून रक्तातली पातळी सांभाळायला बघतं. गाठीला मिळायचं ते मिळत राहतं, पोरगं मात्र वाळतं. मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लाटिन अशी तिहेरी केमो सोसायची असताना हे परवडणारं नाही.

म्हणून संशोधक ताटाकडे न बघता एन्झाइमांकडे बघतात. ग्लुटामिनेज अडवणारं टेलाग्लेनास्टॅट हे औषध त्यातूनच आलं. मला स्वतःला आर्जिनिन या दुसऱ्या एका अमिनो ॲसिडची गोष्ट जास्त बोलकी वाटते. अनेक सार्कोमांमध्ये आर्जिनिन बनवायला लागणारं एक एन्झाइमच बंद पडलेलं असतं, त्यामुळे त्या पेशी रक्तातल्या आर्जिनिनवर जगतात. रक्तातलं आर्जिनिन मोडून टाकणारं औषध आहे. ते दिल्यावर पेशी काय करतात? स्वतःचेच भाग पचवून तग धरतात, आणि इंधनासाठी वळतात ती पुन्हा ग्लुटामिनकडे! म्हणून आता एक वाट अडवून त्याच वेळी दुसरीवरही दबा धरायचा, अशा जोडऔषधांवर काम चालू आहे.

"मग वरून ग्लुटामिनची पावडर देऊ का?" हा पुढचा प्रश्न. तो मला नका विचारू. मुलाच्या वजनाची नोंद घेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे आणि आहारतज्ज्ञांकडे जा. माझ्या पेशींना तोंड येत नाही, उलट्या होत नाहीत आणि वजनही नसतं.