भरल्या कॅनचा वॉबल

आबा सकाळी साडेनऊला गॅरेजवर आले ते गाडी चालवतच. पण स्टँड लावून खाली उतरले तरी त्यांच्या हातांचं थरथरणं थांबत नव्हतं. पाटणच्या वरच्या वाड्यांवरून दूध गोळा करून ते रोज खाली संकलन केंद्रावर घालतात. गाडी १०० सीसीची. मागे लोखंडी कॅरिअर, त्याला दोन्ही अंगांना ४० लिटरचे दोन कॅन.

"मिस्त्री, उताराला हँडल असं हाललं, म्हटलं आज काय खरं न्हाय."

याआधी दोन ठिकाणी काम झालं होतं. एकाने कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, बदलला, दुसऱ्याने पुढचा टायर नवा घातला. वॉबल, म्हणजे हँडलचं हे हालणं, होता तिथेच. "गाडी इकून टाकू का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण त्या गाडीवर घर चालतं.

मी आधी पाना हातात घेत नाही, आधी विचारतो. कधी हलतं? किती स्पीडला? ॲक्सिलेटर सोडल्यावर की दिल्यावर? आबा म्हणाले, चाळीसच्या वर, उताराला, ॲक्सिलेटर सोडला की. आणि मग सहज बोलून गेले, "येताना रिकाम्या कॅनला न्हाय हालत."

सगळं गणित तिथंच होतं. आबा गॅरेजला यायचे ते दूध घालून झाल्यावर. त्यामुळे दोन्ही मिस्त्रींनी ट्रायल मारली ती रिकाम्या कॅननं. रोग भरल्या गाडीत आणि तपासणी रिकाम्या गाडीची.

तरी पुढचा भाग मी सोडला नाही. मेन स्टँडवर घेऊन इंजिनखाली लाकडी ठोकळा दिला, पुढचं चाक अधांतरी केलं. शॉकअप खालून धरून मागेपुढे ओढले, प्ले म्हणजे ढिलेपणा नाही. शॉकअपला तारेचा तुकडा बांधून त्याचं टोक रिमजवळ आणलं आणि चाक फिरवलं. २ मिलिमीटरपर्यंत आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, चालतो, इथं एकही नव्हता. आरे घट्ट, बेअरिंग गुळगुळीत. फक्त हँडल मधून सोडलं तर ते आपल्या वजनाने बाजूला पडायला हवं, ते जागच्या जागी उभं राहिलं. थरथर दाबावी म्हणून कोणीतरी नवा कोनसेट आवळून ठेवला होता. त्याने वॉबल जात नाही. उलट हँडल आपसूक सरळ येत नाही आणि गाडी हळू स्पीडलाही डुलायला लागते. मी तो बेताचा ढिला केला.

मग दोन्ही कॅन नळाच्या पाण्याने काठोकाठ भरले. कॅनचं वजन धरून ९० किलोच्या वर भार झाला. कराड रस्त्याचा सरळ, मोकळा पट्टा गाठला आणि ४५ वर ॲक्सिलेटर सोडला. आधी तळहाताला मुंग्या आल्यासारखं झालं आणि दोन सेकंदांत हँडलची टोकं इंचभर डावी-उजवी नाचायला लागली. अशा वेळी पुढचा ब्रेक दाबायचा नाही आणि हँडल आवळून धरायचं नाही. गुडघ्यांनी टाकी धरायची, अंग पुढे झुकवायचं आणि स्पीड आपोआप उतरू द्यायचा. पस्तीसला थरथर थांबली.

मी पुन्हा एकदा तेच केलं, या वेळी लक्ष हातांकडे न ठेवता बुडाखाली ठेवून. सीट आधी सरकली. हँडल नंतर.

गॅरेजवर येऊन मागचं चाक उचललं. एका हाताने चिमटा, म्हणजे मागचं चाक ज्यात बसतं तो दांडा, घट्ट धरून दुसऱ्या हाताने चाक हलवलं, तर बेअरिंग ठीक. मग चिमटा जिथे चेसीला जोडलेला असतो त्या सांध्यावर बोट ठेवलं आणि चाक आडवं ढकललं. बोटाला टक्क लागलं. परत ढकललं, परत टक्क. आबांचं बोट तिथे ठेवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बोलले काहीच नाहीत.

चिमटा उतरवला. त्या सांध्यात बसणाऱ्या बुशचं रबर चहूबाजूंनी फाटून आतल्या नळीपासून सुटलं होतं. म्हणजे भार पडला की मागचं चाक स्वतःच वळत होतं आणि त्याच्या मागे हँडल धावत होतं. नवे बुश प्रेसवर दाबून बसवले. मुख्य बोल्टचा शेवटचा आवळा मात्र गाडी जमिनीवर घेऊन, आबांना सीटवर बसवून मारला. चिमटा लोंबकळता असताना बोल्ट आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ही पाच मिनिटं वाचवणारे मिस्त्री मला अजिबात पटत नाहीत.

दुसरं कारण कॅरिअर. कॅनचा मध्य मागच्या एक्सलच्या वीतभर मागे पडत होता. मी आबांना म्हटलं, "बैलगाडीत माल मागं भरला तर काय होतं?"

"उलाळ हुती."

"तेच. पुढचं चाक हलकं होतंय. हलक्या चाकाला जरा धक्का लागला की ते नाचतं."

शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून कॅरिअर कापून सहा इंच पुढे आणि जमेल तितकं खाली घेतलं. चैन ओढताना दोन्ही बाजूंच्या खुणा मोजून सारख्या केल्या. मागच्या टायरमध्ये भाराच्या वेळची जी हवा स्टिकरवर छापलेली असते, तेवढी भरली.

संध्याकाळी पुन्हा पाणी भरून त्याच पट्ट्यावर गेलो. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. प्रत्येक वेळी ॲक्सिलेटर सोडला. हँडल शांत. मग आबांना गाडी दिली आणि मी दुसऱ्या गाडीवर मागोमाग निघालो. लांब उतारावर त्यांचे खांदे आधी कानापर्यंत चढलेले दिसत होते. अर्ध्या उतारावर ते खाली आले.

परवा आबा दूध घालायला जाताना, कॅन भरलेले असतानाच थांबले. हँडल ठीक आहे म्हणाले. दिवाळीत तिसरा कॅन सीटवर बांधायचा त्यांचा विचार आहे. मी नाही म्हणून सांगितलंय, आणि तो बांधून आले तर दोरी मी स्वतः सोडणार आहे.