तोंडं नाही तं नाटक कोनाचं?

गावच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी यंदाच्या नाटकाचं पोस्टर टाकलं तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते. तीन संध्याकाळी लेकीला आजीच्या हवाली करून केलेलं काम. पांढरीशुभ्र जागा, मधोमध कुंकवाचा एकच टिळा आणि त्यातून खाली ओघळलेला एक थेंब. नाटकाचं नाव बारीक, 'मुक्ता' फॉन्टमध्ये. खाली कोपऱ्यात तारीख, वेळ, गाव. बस्स. निळ्या खुणा भराभर उमटल्या, पण अंगठा एकाचाही नाही. तेवढ्यात कोणीतरी शंकरपटातल्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीतल्या, जोडीचा व्हिडिओ टाकला आणि माझं पोस्टर वर सरकून गेलं.

नऊला काकाजी स्वतःच आले. काकाजी म्हणजे माझे चुलत सासरे, मंडळाचे सचिव. टॉर्च विझवला, ओसरीवर टेकले, पाणी प्याले.

"सूनबाई, चांगलं आहे. एकदम साफसुतरं आहे."

मी गप्प. 'पण' यायचाच होता.

"पन मानसं कोठी आहेत?"

"काकाजी, ती एक कल्पना आहे. म्हणजे कुंकू आणि..."

"थे समजलं मले. पन तोंडं नाही तं नाटक कोनाचं?"

आतल्या खोलीत आमचे हे मोबाईलवर हास्यजत्रा बघत होते. नेमका तेव्हाच हसण्याचा आवाज आला. तो कार्यक्रमातला होता की यांचा, हे मी अजून विचारलेलं नाही.

आता थोडं मागचं सांगते, कारण पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना यातलं काही कळायचं नाही. मी मूळची वऱ्हाडातली, दर्यापूरकडची, कापसाच्या गावची. नागपूरला एका जाहिरात कंपनीत सहा वर्षं डिझायनर होते. लग्न होऊन ब्रह्मपुरी तालुक्यात आले आणि पहिल्याच दिवाळीनंतर माझ्या लक्षात आलं की या घरात वर्षाचं कॅलेंडर वेगळं आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतल्या धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. धान कापून, चुरून घरात आलं की इथं नाटकांचा हंगाम लागतो, तो होळीपर्यंत. दिवसा शंकरपट किंवा मंडई (भाजीची नव्हे, इकडची जत्रा), रात्री नाटक. नाटक म्हणजे दोन तासांत आटोपून घरी जाऊन जेवण्याचं नाटक नव्हे. दहाला पडदा उघडतो (पोस्टरवर कायम 'ठीक ९' असतं) आणि पहाटे कोंबडा आरवायच्या सुमाराला नायिकेला न्याय मिळतो.

बैलांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली तेव्हा काकाजी म्हणे महिनाभर कोणाशी धड बोलले नव्हते. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या शर्यतींना परवानगी दिली, तेव्हा मात्र गावभर जिलेबी वाटली. पण पट बंद होता त्या वर्षांतही नाटक एकदा चुकलं नाही, हे ते दर वर्षी सांगतात.

तर, पोस्टर.

दुसऱ्या दिवशी मी आणि हे मोटारसायकलवर वडशाला गेलो. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. कागदोपत्री देसाईगंज, तोंडी वडसा. नाटक कंपन्यांचं हे माहेर. हंगामात रस्त्यानं एकामागून एक कंपन्यांचे फलक दिसतात, आत टेबलाशी मॅनेजर आणि समोर खेड्यापाड्यांतून आलेली मंडळाची माणसं, डायरीत तारीख शोधणारी. तारीख आणि पटाचा दिवस जुळला नाही तर चेहरे असे पडतात, की मुलीचं लग्न मोडलंय असं वाटावं.

मंडळानं यंदा कोणतं नाटक घेतलं ते इथं लिहीत नाही, पण कुंकू, मंगळसूत्र, माय, बाप, शेतकरी आणि दारू या सहा शब्दांपैकी दोन त्याच्या नावात आहेत एवढं सांगते.

फ्लेक्सच्या दुकानात एक विशीतला पोरगा बसला होता. एका कानात इअरफोन, समोर कडेनं टेप लावलेला मॉनिटर. मी माझी फाईल उघडून दाखवली. त्यानं झूम करून टिळा पाहिला, परत छोटा केला आणि फार नम्रपणे विचारलं, "ताई, हे पत्रिका आहे का?"

मग त्यानं त्याच्या पद्धतीनं काम सुरू केलं आणि मी बाजूच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून पाहत राहिले. त्याच्याकडे शेकडो कलाकारांचे कापून ठेवलेले फोटो होते, प्रत्येकाचं फोल्डर: रडका, रागीट, नमस्कार, फेटा. नायक मधोमध आणि सर्वांत मोठा. नायिका त्याच्या डावीकडे, अर्धी बोटभर लहान. खलनायकाचे डोळे त्यानं लाल केले, तेही इतक्या सवयीनं, की आपण भाजीत मीठ टाकतो तसं. विनोदी नटाला स्वतंत्र लंबगोल आणि तो लंबगोल नायकाच्या खांद्याला टेकलेला, कारण आमच्याकडे अर्धी तिकिटं त्याच्याच नावावर जातात. नृत्यांगनेभोवती फुलं. मुंबईच्या मालिकेतली एखादी नटी असेल तर तिच्या डोक्यावर चांदणीचा फटाका. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड वाजवणारे खाली एका ओळीत, पासपोर्ट आकारात. त्याखाली मंडळाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सरपंच आणि एक नेते, ज्यांचा नाटकाशी संबंध एवढाच की मांडव त्यांच्या घरासमोर पडतो.

मी मोजले. तेवीस चेहरे. अक्षरं पिवळी, भोवती लाल कड, लाल कडेभोवती पांढरी कड, आणि मागं निळ्या आकाशात वीज.

कॉलेजात आम्हाला कमल शेडगे यांची अक्षरं दाखवली होती. वर्तमानपत्रात दोन इंचांची जाहिरात, पण नाटकाचं नाव वाचताच कळायचं की हे विनोदी आहे की गंभीर. अक्षरालाच चेहरा असायचा. मी तेच डोक्यात घेऊन बसले होते. आणि इथं हा पोरगा अक्षरांकडे ढुंकून न बघता चेहऱ्यांचे आकार अर्ध्या-अर्ध्या सेंटीमीटरनं वरखाली करत होता.

"अक्षरं एवढी का भरतोस?" मी विचारलं.

"बसमधून दिसली पायजे ना ताई. बस थांबत नाही."

आणि चेहरे? त्याचं उत्तर काकाजींनी परतल्यावर दिलं. "म्हाताऱ्या मानसाले वाचता नाही येत. थो तोंड पायते अन् ओरखते. मागच्या साली आपल्या गावात रडवून गेली थेच बाई आहे का, एवढंच त्याले पायजे." शिवाय, ते म्हणाले, पोस्टरवर जेवढी तोंडं आहेत तेवढी स्टेजवर यायला हवीत. एक जरी कमी आलं तर लोक मंडळाला धरतात. म्हणजे पोस्टर हा करारनामाच. मी त्यावर सही-शिक्के पुसून एक टिळा काढून दिला होता.

परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, त्या दिवसाचं वर्तमानपत्र काकाजींनी जपून ठेवलंय. झाडीपट्टीतला नट, गडचिरोलीचा माणूस, आणि पद्मश्री. मला घडी उलगडून दाखवताना त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "हे तोंड पाहून आम्ही बंड्या जुपल्या आहेत." बंड्या म्हणजे बैलगाड्या. आता यावर कोण वाद घालणार?

घरी मात्र एवढ्यात दुसरंच सुरू झालं होतं. नाटक म्हणजे पाहुणे. दोन आत्या, त्यांच्या सुना, मोठ्या नणंदेचं अख्खं घर, आणि यांच्या शाळेतला एक मित्र जो दर वर्षी 'सहज' येतो. सासूबाईंनी लाखोरीची डाळ भिजत घातली, वड्यांसाठी. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, धानाच्या गिरणीवरून तांदूळ आणला आणि पोत्यावर खडूनं 'एचएमटी' लिहिलं. या तांदळाची गोष्ट माझ्या डिझायनर मनाला भारी आवडते. आमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून, पेरून हे वाण काढलं, आणि त्याला नाव पडलं त्या काळातल्या सगळ्यात मानाच्या घड्याळाचं. दीड-दोन एकरांचा शेतकरी, पण वाणाचं ब्रँडिंग काय झालं! २०१८ साली ते गेले. मामाजींच्या मनगटावर अजून चावीची एचएमटी आहे, देवनागरी आकड्यांची. रोज सकाळी सातच्या बातम्यांना ते तिला चावी देतात. पोतं आणि मनगट शेजारी ठेवून मी फोटो काढला. मामाजी म्हणाले, "माहं तोंडही घे त्यात." सासऱ्यांचंही तेच!

पाहुण्यांना पांघरुणं काढायला सासूबाईंनी लोखंडी पेटी उघडली, आणि तळातून आजेसासूबाईंची कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी निघाली. करवतकाठी. मी ऐकून होते, हातात पहिल्यांदाच घेतली. अंग मधासारखं पिवळट, कोशाचा तो खरखरीत मऊपणा, आणि काठाला करवतीचे दात, एकाला एक लागून, लालात. कुठेही छाप नाही, सगळं मागावर विणलेलं. एका दातावर नखानं टकटक केली तर सूत उलटसुलट गुंतलेलं दिसलं, काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून वळवलेला. दात जराही तिरपा नाही. माझ्या स्क्रीनवर मी ग्रिड लावून चौकोन जुळवते, आणि इथं कोण्या कोष्ट्यानं धागे मोजत नऊवारभर ते केलं होतं.

"आई, ही तुम्ही नेसत का नाही?"

"विरली आहे. बसली का फाटंल. नाटकाले पाच तास बसा लागते."

मी मोबाईलवर काठाचा फोटो काढला, रात्री बसून त्याचे दात रेघेत उतरवले आणि फ्लेक्सवाल्या पोराला पाठवले. चेहरे तुझे, अक्षरं तुझी, वीजही तुझी, फक्त चारही बाजूंना ही किनार लाव. त्याचा निरोप आला: "ताई किनार भारी. पन खालून कापावी लागन, आमदाराचा फोटो वाढला." तेविसाचे चोवीस झाले होते.

फ्लेक्स पटाच्या मैदानात लागला, दहा बाय वीस. लेकीनं आणि आत्यांच्या नातवंडांनी खेळ काढला: एकानं डोळे मिटायचे, दुसऱ्यानं 'खालून दुसरा' म्हणायचं, पहिल्यानं ओळखायचं. दुपारपर्यंत तबलावाल्याचंही नाव त्यांना पाठ. मोठ्या आत्यांनी फ्लेक्ससमोर उभं राहून डोळ्यांवर हात धरला. चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "हे बाई मागच्या वर्षी मेली होती. यंदा आईचं काम दिसते." मग कडेला सरकल्या. "अन् हे आपल्या मायच्या लुगड्याचा काठ हाय का गं?"

एवढं मला पुरलं. अगदी खरं सांगते, जाहिरात कंपनीत सहा वर्षांत एवढं पुरलं नव्हतं.

नाटकाबद्दल जास्त लिहीत नाही, ते बघायचं असतं. थंडी मरणाची होती. सासूबाई, आत्या, मी आणि लेक खाली सतरंजीवर एका गोधडीत चौघी, पुरुष मंडळी खुर्च्यांवर शेकोटीच्या वासाची. पडद्यावर रंगवलेला बंगला, त्याच्या जिन्याला तेरा पायऱ्या आणि एकही दार नाही. विंगेतून प्रॉम्प्टरचा आवाज आम्हाला नटाच्या आधी ऐकू येत होता, पण त्यानं काही बिघडलं नाही. लेक तर आधी ऐकून मग नट तेच म्हणतो का ते तपासत होती. दुसऱ्या अंकात आई झालेल्या त्या बाईनं पदर पसरला तेव्हा मोठ्या आत्या ढसाढसा रडल्या. आणि विनोदी नटानं आमच्या सरपंचाचं नाव घेऊन एक टोला मारला तेव्हा सरपंचच सर्वांत मोठ्यानं हसले. लाल डोळ्यांचा खलनायक प्रत्यक्षात चष्मा लावतो, तो मध्यंतरात आमच्यापासून हातभर अंतरावर चहा पीत होता. लेक त्याच्याकडे एकटक बघत होती. त्यानं तिला डोळे वटारून दाखवले. पुढचा सगळा वेळ ती माझ्या मांडीत.

मला तीनला झोप लागली. न्याय मिळाला की नाही ते सकाळी विचारावं लागलं. मिळाला.

दोन दिवसांनी पाहुणे गेले. काकाजींनी फ्लेक्स उतरवून गुंडाळी आमच्या अंगणात आणून टाकली. "सूनबाई, तुमचं पोस्टर." उकडलेलं धान वाळत घालायला सासूबाईंना काहीतरी हवंच होतं. मी आणि हे दोन टोकं धरून तो पसरू लागलो. नायक, नायिका, लंबगोलातला विनोदी नट, सगळे आकाशाकडे बघत.

"उलटा टाका," सासूबाई ओसरीवरून ओरडल्या. "धान फिरवतानी तोंडावर पाय पडन."

उलटा टाकला. वीस फूट पांढरीशुभ्र जागा, एक अक्षर नाही. सासूबाईंनी टोपली आणून नेमकी मधोमध ओतली.