फोनमधले फोटो संगणकावर: केबल, एमटीपी आणि सिंक

अँड्रॉइड फोन संगणकाला जोडला, चार्जिंगही सुरू झालं, पण संगणकावर फोन काही दिसत नाही. अशा वेळी ड्रायव्हर शोधत बसण्याआधी केबल बदलून बघा. यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात: लाल आणि काळी विजेसाठी, हिरवी आणि पांढरी डेटासाठी. बऱ्याच स्वस्त केबलमध्ये हिरवी-पांढरी नसतेच, आणि बाहेरून फरक अजिबात कळत नाही. डेटा जाणारी केबल सापडली की तिला रंगीत चिकटपट्टी गुंडाळून ठेवा.

केबल ठीक असेल तर फोनचं लॉक उघडा, वरची पट्टी खाली ओढा आणि यूएसबीच्या नोटिफिकेशनमध्ये 'फाइल ट्रान्सफर' निवडा. अँड्रॉइड ६ पासून फोन जोडल्यावर आधी फक्त चार्जिंगच सुरू होतं. अनोळखी संगणकाला फोन लावला तरी फोटो उघडे पडू नयेत म्हणून ही सोय आहे, ती तशीच राहू द्या.

आता दिसणारा फोन पेनड्राइव्हसारखा वागत नाही. फाइली देण्याघेण्याच्या या पद्धतीला एमटीपी म्हणतात; तिच्यात स्टोरेज फोनच्याच ताब्यात असतं, संगणक एकेक फाइल मागून घेतो. म्हणूनच तेवढ्याच आकाराच्या एका व्हिडिओपेक्षा हजार छोट्या फोटोंना कितीतरी जास्त वेळ लागतो. कट-पेस्ट मात्र कधीही करू नका. मधेच केबल हलली तर काय गेलं, काय राहिलं ते शोधत बसावं लागतं. कॉपी करा, फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून बघा, चार-दोन फोटो उघडून बघा, मगच फोनमधले पुसा.

रोज केबल लावणं नको असेल तर सिंकथिंग हे अ‍ॅप उत्तम; ते फोन आणि संगणकावरचं फोल्डर आपोआप सारखं ठेवतं, यालाच सिंक म्हणतात. फुकट आहे आणि घरच्या वाय-फायवर फाइली थेट फोनमधून संगणकावर जातात. मूळ अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, त्यामुळे फोनवर 'सिंकथिंग-फोर्क' घ्या. फोनचे फोटो ज्यात साठतात त्या डीसीआयएममधलं कॅमेरा फोल्डर फोनवर 'सेंड ओन्ली' (फक्त पाठवणारं) आणि संगणकावर 'रिसीव्ह ओन्ली' (फक्त घेणारं) ठेवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. जागा करायला फोनमधले फोटो पुसले की ते संगणकावरूनही पुसले जातात! 'सेंड ओन्ली' असलं तरी पुसणं हाही एक बदलच, तोही पुढे पाठवला जातो. म्हणून पहिल्याच दिवशी संगणकावर त्या फोल्डरचं 'फाइल व्हर्जनिंग' उघडून 'ट्रॅश कॅन' निवडा आणि दिवसांच्या चौकटीत ० लिहा, म्हणजे पुसलेलं कायम बाजूला साठून राहील. जपायचे फोटो तरीही वेगळ्या डिस्कवर कॉपी करायलाच हवेत.

सिंक मधेच थांबत असेल तर आधी फोनच्या सेटिंग्जमध्ये या अ‍ॅपवरचं बॅटरीचं बंधन काढा. तरीही दोघं एकमेकांना सापडत नसतील तर फोन राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर नाही ना ते बघा, आणि विंडोजच्या फायरवॉलमध्ये टीसीपी २२००० व यूडीपी २१०२७ हे पोर्ट (सिंकथिंग नेटवर्कवर ज्या वाटांनी बोलतं त्या) खुले करा.