चमच्याने खायचं जेवण

लीड्समधल्या आमच्या शेजारच्या आजोबांना ऐंशी पूर्ण झाली. त्याची पार्टी परवा दुपारी चर्चच्या हॉलमध्ये होती. बाहेर पाऊस, म्हणजे नेहमीचंच. आत टेबलाकडे पाहिलं आणि मी जरा थबकलेच. ना समोसे, ना हमस, ना काडीला टोचलेलं चीज. शेपर्ड्स पायचे ओव्हनमधून थेट आलेले मोठाले ट्रे, यॉर्कशर पुडिंगांची (नाव पुडिंग, पण गोड नव्हे; अंडं-मैद्याच्या पिठाची भाजून फुगवलेली वाटी) चळत, पातेलंभर मशी पीज, ग्रेव्हीचे जग आणि कडेला झाकून ठेवलेलं कस्टर्ड. पार्टीला हे?

माझं ठाम मत असं होतं की असलं जेवण घरी, पाय वर घेऊन, शक्यतो सर्दी झालेली असताना खावं. पार्टीत माणूस उभा असतो, एका हातात ग्लास असतो. शेपर्ड्स पाय म्हणजे मेंढीच्या खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर, त्यावर काट्याने ओढलेल्या रेघा, त्यांची टोकं तेवढी खरपूस. हे उभ्याने खायचं प्रकरणच नव्हे. समोरच्या बाईंनी आधी ग्लास खिडकीत ठेवला, मग ताट सावरलं, मग सरळ खुर्ची ओढली. दहा मिनिटांत सगळा हॉल बसलेला. बसल्यावर लोक हवापाण्यापलीकडचंही बोलायला लागले, हेही सांगायला हवं.

मशी पीज मला मुळीच परकं वाटत नाही. मॅरोफॅट जातीचे सुके वाटाणे रात्रभर सोडा घालून भिजवायचे आणि पार गळेपर्यंत शिजवायचे. वाटाण्याची उसळ फोडणीला टाकायच्या आधी अशीच दिसते. माझी नजर सवयीने चिरलेला कांदा आणि लिंबू शोधत होती. मिळाला पुदिन्याचा सॉस. चालला.

आजोबांनी मात्र पहिल्या वाढीला फक्त यॉर्कशर पुडिंग आणि ग्रेव्ही घेतली. त्यांच्या आईची तीच शिस्त होती. आधी पुडिंगने पोट भरा, म्हणजे मागाहून मांसाचा लहानसा तुकडाही पुरतो. दुसरं महायुद्ध संपून वर्षं लोटली तरी रेशन चालूच होतं. मांसावरचं रेशन उठायला जुलै 1954 उजाडला. आजोबा तेव्हा शाळेत होते. आता मांस हवं तेवढं आहे, पण पहिला मान पुडिंगचाच.

मग कस्टर्डवरचं झाकण निघालं आणि मी थेट आमच्या जुन्या स्वयंपाकघरात. वाढदिवसाला बटाटेवडे, वेफर्स आणि स्टीलच्या वाटीत फ्रूट कस्टर्ड. थंड दुधात पावडर कालवायची, ती उकळत्या दुधात ओतताना हात थांबवायचा नाही, ते काम माझ्याकडे. थांबलाच तर गुठळी. केळं काळं पडतं म्हणून अगदी शेवटी चिरायचं. डाळिंबाचे दाणे टाकले की प्रत्येक दाण्याभोवती पिवळ्यात गुलाबी रंग उतरायचा आणि पाहुणे येईपर्यंत सगळंच विटकरी दिसायला लागायचं. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने 1837 मध्ये ही पावडर केली ती बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून. मक्याच्या पिठावर भागवलं त्याने. त्या बाईंना अंडं पचतं तर आमच्या आजीने कस्टर्डला उंबरठा ओलांडू दिला नसता.

मला त्यावरची साय आवडते. जाड, सुरकुतलेली, चमच्याने अख्खी उचलता येणारी. घरात सगळे तोंड वाकडं करायचे. आजोबा म्हणाले, शाळेच्या जेवणात ती साय कुणालाच नको असायची, ते आजूबाजूच्या चार पोरांची खायचे. परवाची साय आम्ही दोघांनी वाटून घेतली.

घरी येताना एकदम आठवलं, की आपल्या पंगतीत तरी पहिलं काय यायचं? मीठ, लिंबू, कोशिंबीर वाढून झाली की वरणभाताची मूद आणि वर तूप. जिलबीच्या आधी, मसालेभाताच्याही आधी. श्रीमंताच्या लग्नातही माणूस पहिला घास घ्यायचा तो रोजचाच. यजमानाला त्यात काही कमीपणा वाटत नसे. मग बुफे आला आणि वरणभात 'दाल राइस' होऊन शेवटच्या टेबलावर, आइस्क्रीमच्या अलीकडे, लहान मुलांसाठी आणि पथ्यावरच्या काकांसाठी मांडलेला. त्या टेबलाशी जरा वेळ उभं राहून बघा. जरीचे शालू नेसलेल्या बायका पनीर अर्धवट टाकून तिथे येतात आणि हळूच दोन डाव भात घेतात. मीही त्यातलीच.

तर नवऱ्याला म्हटलं, "लेकीच्या ग्रॅज्युएशनच्या पार्टीला आपण वरणभात करूया. तूप, लिंबू, मेतकूट, पोह्याचे पापड. खाली बसवून वाढू."

"छान," तो म्हणाला. "आणि पाहुण्यांना काय द्यायचं?"

पनीर टिक्क्याची ऑर्डर काल दिली.