रोममध्ये सेगवे आणि ई-स्कूटर: आधी रस्त्याचा दगड बघा

रोम बघायला सेगवे (शेजारी-शेजारी दोन चाकांमधल्या फळीवर उभं राहून चालवायचं यंत्र) घ्यावा, ई-स्कूटर (उभ्याने चालवायची, बिनसीटची) घ्यावी की बॅटरीवरची सायकल, हे ठरवताना बहुतेक जण भाडं बघतात. मी आधी रस्ता कशाचा आहे ते बघतो. जुन्या रोममध्ये चाकाखाली तीन प्रकार येतात: डांबर, साम्पिएत्रीनी नावाचे छोटे काळे ठोकळे आणि आप्पिया या प्राचीन रोमन रस्त्यावरचे ओबडधोबड फरसबंदी दगड. डांबरावर काहीही चालतं. खरा प्रश्न उरलेल्या दोघांचा.

साम्पिएत्रीनी म्हणजे ज्वालामुखीचा काळा दगड, आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणाचा भाऊबंद. वरून साधारण १२ बाय १२ सेंटिमीटरचा आणि खाली निमुळता होत गेलेला ठोकळा वाळूच्या थरात ठोकून बसवतात. पारंपरिक पद्धतीत सिमेंट नसतं, त्यामुळे पावसाचं पाणी फटींतून मुरतं आणि एखादा दगड उखडला तर तेवढाच परत बसवता येतो. तोटाही त्यातच आहे. बस आणि ट्रकच्या भाराने खालची वाळू सरकते, काही ठोकळे खचतात, शेजारचे वर येतात, आणि एखादा निघून गेला की तिथे पुढचं चाक अडकेल एवढा खड्डा तयार होतो. भाड्याच्या ई-स्कूटरचं चाक जेमतेम १० ते १२ इंचांचं असतं, त्याला हा खड्डा पुरतो. सेगवेच्या जुन्या आय-टू मॉडेलचं चाक सुमारे १९ इंचांचं, सायकलचं त्याहून मोठं. चाक जितकं मोठं तितका खड्डा कमी जाणवतो. बाकी जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

कोरड्या ठोकळ्यांवर स्कूटर ताशी १० ते १२ किलोमीटरच्या वर नेऊ नये. गुडघे सैल, एक पाय पुढे एक मागे, वजन थोडं मागच्या पायावर, दोन्ही हात हँडलवर. दात वाजायला लागले की वेग जास्त आहे असं समजावं. पाऊस पडला तर ठोकळ्यांवर स्कूटर चालवूच नये. वर्षानुवर्षांच्या वाहतुकीने त्यांचा माथा गुळगुळीत झालेला असतो, आणि ओल्या दगडावर ब्रेक दाबला की पुढचं चाक वळायच्या आधी घसरतं. पाऊस थांबल्यावरही घाई नको, फटींत पाणी राहतं आणि सावलीतल्या गल्ल्या उशिरा वाळतात.

नियम थोडक्यात. इटलीत २०२४ च्या अखेरीस कायदा कडक झाला आणि ई-स्कूटरवर हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं झालं, वय काहीही असो. वेगमर्यादा ताशी २० किलोमीटर. चालवणाऱ्याचं वय किमान १४, पण रोममध्ये भाड्याची गाडी घ्यायला १८ पूर्ण लागतात आणि ओळखपत्र ॲपवर चढवावं लागतं. पदपथावर चालवायची नाही. पादचारी भागात उतरून हाताने ढकलत न्यावी, वाद उरत नाही. डबलसीट तर अजिबात नाही. पुण्यात ॲक्टिव्हावर तिघं बसवणाऱ्यांना हे जड जातं, पण इथे दंड होतो. भाड्याच्या गाडीबरोबर हेल्मेट मिळेलच असं नाही, तेव्हा ते आधीच विकत घ्यावं किंवा घरून न्यावं.

भारतीय कार्डाचीही एक अडचण आहे. ॲपमध्ये कार्ड जोडताना बँक ओटीपी मागते, आणि भारतातलं सिम बंद असेल तर तिथेच गाडं अडतं. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या, ॲप घरीच उतरवून कार्ड जोडा आणि रोमिंगवर निदान एसएमएस येतो ना ते तपासा. गाडी सोडताना ॲपच्या नकाशावर दाखवलेल्या जागीच लावायची आणि फोटो काढायचा. लाल पट्ट्यात सोडली तर भाडं संपतच नाही, मीटर चालू राहतो. स्मारकांच्या आसपास जीपीएसमुळे गाडी आपोआप मंदावते, तेव्हा बिघडली म्हणून घाबरू नये.

सेगवे शक्यतो गाइडच्या गटातच घ्यावा. त्याची यंत्रणा समजली तर निम्मे अपघात टळतात. आत पाच जायरोस्कोप, म्हणजे झुकाव ओळखणारे भाग, असतात. आपण पुढे झुकलो की आपला तोल चाकांच्या पुढे जातो आणि यंत्र त्या तोलाखाली येण्यासाठी चाकं पुढे फिरवतं. मागे झुकलो की थांबतं. ब्रेक नावाचा वेगळा दांडा नसतो. वेग मर्यादेजवळ आला की हँडल स्वतःहून मागे येतं. तो इशारा मानून मागे व्हायचं. नवखे लोक नेमके पुढे रेटतात.

पडायची नेहमीची कारणं तीन. पहिलं, एक चाक पदपथाच्या कडेला किंवा वर आलेल्या ठोकळ्याला अडतं आणि दुसरं चालत राहतं, मग यंत्र जागच्या जागी गरकन फिरतं. हे यंत्र सुमारे ६३ सेंटिमीटर रुंद असतं आणि आपली नजर सरळ पुढे असते, त्यामुळे बाजूच्या चाकाचा विसर पडतो. दुसरं, उतरताना एक पाय खाली टेकतो आणि हँडल अंगाकडे ओढलं जातं, मग चाक पायाच्या बोटांवर येतं. म्हणून मागच्या बाजूने, एकेक पाय खाली टेकून उतरायचं, हँडल सरळ धरायचं आणि दोन्ही पाय जमिनीवर आल्यावरच सोडायचं. तिसरं, ओल्या दगडावर चाकाची पकड सुटते. हँडल थरथरायला लागलं तर यंत्र धोक्याचा इशारा देत आहे, लगेच वेग कमी करून उतरावं. सेगवेच्या या जुन्या दोनचाकी यंत्रांचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं, म्हणजे सहलीत मिळणारं यंत्र बहुधा वापरलेलंच असतं. निघण्यापूर्वी मोकळ्या जागेत ते सरळ चालतंय का बघा. दोन्ही चाकांतली हवा सारखी नसेल तर ते एका बाजूला ओढतं. आय-टूसाठी चालवणाऱ्याचं वजन साधारण ४५ ते ११८ किलोच्या दरम्यान लागतं. त्याहून हलक्या मुलांना झुकून यंत्र नीट थांबवता येत नाही, म्हणून त्यांना घेत नाहीत.

आता प्रत्यक्ष मार्ग. अर्ध्या दिवसासाठी मी चीर्को मास्सीमो मेट्रो स्टेशनपासून सुरुवात सुचवेन, आणि तीही सकाळी लवकर. स्टेशनसमोरच्या वियाले आव्हेंतीनो या रस्त्यावर ट्रामचे रूळ आहेत. ते तिरके ओलांडू नका, चाक रुळाच्या खाचेत जातं. आडवे, जवळजवळ काटकोनात ओलांडा. तिथून आव्हेंतीन टेकडीचा चढ लागतो. इटलीत ई-स्कूटरच्या मोटरला ०.५ किलोवॉटची मर्यादा आहे, तेव्हा चढावर वेग पडणार आणि बॅटरी भराभर उतरणार, हे धरूनच चाला. निम्म्याहून कमी चार्ज असलेली गाडी इथे घेऊ नये.

वर संत्र्यांची बाग आहे, तिच्या कठड्यावरून तिबेर नदी आणि सेंट पीटरचा घुमट दिसतो. शेजारी पाचव्या शतकातलं सांता साबिना चर्च. घाई असेल तर बाग सोडा, पण हे चर्च सोडू नका, कारण त्याचे कोरीव लाकडी दरवाजे जवळजवळ चर्चइतकेच जुने आहेत. पुढच्या चौकात माल्टाच्या सरदारांच्या फाटकाला असलेल्या कुलपाच्या भोकातून तोच घुमट झाडांच्या चौकटीत दिसतो. सकाळी उशीर केला तर तिथे रांग लागते. उतरताना बागेजवळचा अरुंद पायवाटेचा उतार टाळा आणि आलेल्या रस्त्यानेच खाली या.

खाली नदीपाशी पोंते पालातीनो हा पूल लागतो. इटलीभर वाहतूक उजवीकडून चालते, या पुलावर मात्र डावीकडून. रोमचे लोक त्याला इंग्रजी पूल म्हणतात. डोक्यात मोठ्या मुश्किलीने ‘उजवीकडे, उजवीकडे’ बसवलेल्या मराठी माणसाची इथे हमखास गफलत होते. खांबावरच्या पाट्या वाचा, नाहीतर सरळ उतरून पदपथाने चालत जा. पुलावरून शेजारी एक कमान उभी दिसते, ती प्राचीन एमिलियन पुलाची उरलेली कमान.

यानंतर नदीकाठचा लुंगोतेवेरे. १८७० च्या पुरानंतर नदीला उंच भिंती घातल्या, त्यांच्या माथ्यावर हा रस्ता आहे आणि पायथ्याला, पाण्यालगत, सायकलींचा मार्ग. खालच्या मार्गावर मोटारी नाहीत, पण खाली जायला बहुतेक ठिकाणी जिनेच आहेत, उतार मोजके. भाड्याची स्कूटर २५ ते ३० किलोच्या घरात असते, जिन्यावरून उचलून नेण्याचा विचार सोडा. हिवाळ्यात नदी चढली की खाली गाळ साचतो. वरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी प्लेन वृक्ष आहेत. त्यांची मुळं डांबर उचलतात, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यांच्यावर संध्याकाळी साळुंकीच्या जातीचे हजारो पक्षी रात्रीच्या मुक्कामाला येतात. त्यांचे आकाशातले थवे बघण्यासारखे असतात, खालची विष्ठा मात्र साबणासारखी निसरडी. मोटारसायकली घसरतात, कधी पालिकेला रस्ता बंद करून धुवावा लागतो. हिवाळ्यात सूर्यास्तानंतर लुंगोतेवेरेवर स्कूटर नको, हे मी आग्रहाने सांगतो.

पँथियन, त्रेवी कारंजं आणि नावोना चौक हा भाग चाकांवरून बघण्यात अर्थ नाही. गल्ल्या अरुंद, सगळीकडे साम्पिएत्रीनी आणि गर्दी अशी की स्कूटर ढकलतच न्यावी लागते. ती बाहेर लावा आणि चाला. स्पॅनिश पायऱ्यांवर तर चाक नेण्याचा विचारही नको. २०२२ मध्ये एका पर्यटक जोडप्याने तिथून स्कूटर ढकलून दिली आणि पायऱ्यांच्या दगडाचं सुमारे २५,००० युरोंचं नुकसान केलं. पायऱ्यांवर नुसतं बसलं तरी दंड होतो. सेगवेची हौस फेडायची असेल तर बोर्गेझे बागेत फेडावी. तिथे डांबरी, सावलीच्या वाटा आहेत आणि पिंचो कठड्यावरून पोपोलो चौक दिसतो. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. शहरात सुमारे अडीच हजार नासोनी, म्हणजे पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. तोटी खालून बोटाने बंद केली की वरच्या छिद्रातून कारंजं उडतं, तोंड लावावं लागत नाही.

आप्पिया रस्ता वेगळा दिवस मागतो आणि वेगळं वाहनही. इसवी सन पूर्व ३१२ मध्ये सुरू झालेल्या या रस्त्याला २०२४ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. इथे ई-स्कूटर चालत नाही. मूळ दगड हातभर रुंद, वेडेवाकडे आणि जुन्या गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेले आहेत. बॅटरीची सायकल घ्या, रुंद टायरची आणि पुढे शॉकॲब्सॉर्बर असलेली. दुकानदाराने टायर टणक भरले असतील तर थोडी हवा कमी करायला सांगा, मनगटं वाचतात. मात्र फार कमी केली तर दगडाच्या धारेवर ट्यूब चिमटून पंक्चर होते.

पोर्ता सान सेबास्तियानो या शहराच्या जुन्या वेशीपासूनचा सुरुवातीचा टप्पा दोन्ही बाजूंना भिंती, पदपथ नाही आणि अंगावरून मोटारी, असा आहे. रविवारी त्याचा काही भाग खासगी गाड्यांना बंद असतो, तो दिवस सर्वांत बरा. इतर दिवशी क्वो वादिस चर्चपाशी सान कालिस्तोच्या कॅटाकोंबकडे (जमिनीखालच्या प्राचीन दफनभूमीकडे) जाणारी आतली वाट धरा. ती जवळजवळ समांतर जाते आणि शांत आहे. बुधवारी सान कालिस्तो बंद असतं, जवळचं सान सेबास्तियानोचं कॅटाकोंब रविवारी. चेचीलिया मेतेल्ला या प्राचीन रोमन स्त्रीच्या गोल थडग्यापुढे मोटारी विरळ होतात आणि मूळ दगडांचे पट्टे सुरू होतात. त्यांच्या कडेने सायकलींनी पाडलेली मातीची वाट आहे, तिनेच जा. पावसानंतर ती चिखलाची होते. मग उतरून सायकल दगडांवरून हाताने नेणंच सोयीचं. दुकानदाराकडून पंप, एक जादा ट्यूब आणि त्याचा फोन नंबर मागून घ्या, कारण थडग्याच्या पुढे मदत मिळेल अशी दुकानं जवळपास नाहीत. क्विंतिलींच्या महालापर्यंत, म्हणजे पाचव्या रोमन मैलापर्यंत, जायचं तर निम्मी बॅटरी उरली असतानाच मागे वळा. परतीचा रस्ता शहराच्या तटबंदीपाशी चढाचा आहे.